ग्रँटबाईंचं पाकीट

ग्रँटबाई कुठलीही जाहिरात खालून वर वाचायच्या. आधी शेवटची तारीख, मग सोबत जोडायच्या कागदांची यादी, मग अटी, आणि अगदी शेवटी, वेळ उरलाच तर, सुरुवातीची ती भारदस्त वाक्यं. सांस्कृतिक वारसा, बहुविध परंपरा, कला आणि समाज यांचं नातं वगैरे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मी त्या भारदस्त वाक्यांवरच भाळायचो आणि तिथूनच थेट प्रस्ताव लिहायला बसायचो. त्यांचे प्रस्ताव मंजूर व्हायचे, माझे व्हायचे नाहीत. कारण मला कळत नव्हतं असं नाही, पण मान्य करायला जिभेला जड जायचं.

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. राहायला अंबरनाथला, पूर्वेला. हजेरीपटावर त्यांचं चांगलं तीन शब्दांचं नाव होतं, पण ऑफिसातल्या हेडक्लार्कने एकदा ‘ग्रँटबाई आल्या का?’ असं विचारलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कला शाखेच्या संशोधनाला आजकाल कोण पैसे देतो, असं म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये चहा ढोसत बसायचो, तेव्हा या बाई कुठल्या तरी मंडळाच्या, न्यासाच्या, अकादमीच्या संकेतस्थळावर चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या असायच्या. मग दीड-दोन महिन्यांनी नोटीस बोर्डवर अभिनंदनाचा कागद लागायचा. त्या कागदासमोरून जाताना मी मुद्दाम फोनवर बोलत जायचो.

मला त्यांचा हेवा वाटायचा. उगाच आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि गणपतीत होणाऱ्या कामगारांच्या नाटकांत प्रॉम्प्टर. बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत तालमी चालायच्या. त्या नाटकांवर संशोधन करायचं हे माझं तरुणपणापासूनचं स्वप्न. पण प्रस्ताव लिहायला बसलो की वडील, बुवापाडा, तालमी सगळं बाजूला राहायचं आणि शीर्षक व्हायचं ‘उत्तर-औद्योगिक अवकाशातील श्रमिक रंगभाषेचे चिकित्सक पुनर्वाचन’. मला ते शीर्षक फार आवडायचं. दुसऱ्या कुणालाही आवडलं नाही.

ग्रँटबाईंची पद्धत वेगळी होती. प्रस्तावाचा सारांश लिहून झाला की त्या तो कॅम्प तीनमधल्या पापडवाल्या सिंधी चाचाला वाचून दाखवायच्या. खरं सांगतो, मी स्वतः पाहिलंय. गिऱ्हाईक थांबलेलं, पापडाचा ढीग मधे, आणि या उभ्या राहून हिंदीत आपला विषय सांगतायत. चाचा सगळं ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, “वो तो ठीक है साईं, पर ये करके होगा क्या?” बाई तिथल्या तिथे पिशवीतून पेन काढून एक परिच्छेद खोडायच्या. मी त्यांना म्हटलं, “मॅडम, संशोधनाचं मूल्यमापन पापडवाल्याने करायचं का?” तर म्हणाल्या, “सर, ज्याला विषय कळतो त्याच्याकडे पैसे नसतात आणि ज्याच्याकडे पैसे असतात त्याला विषय कळत नाही. मग आधीच कुणाला तरी विचारलेलं काय वाईट?” घरी जाईपर्यंत मला यावर तीन उत्तरं सुचली, पण तोवर उशीर झाला होता.

नकार आला की त्या सगळ्या स्टाफरूमला दालपकवान, म्हणजे सिंध्यांची ती डाळ आणि कडक पुरी, आणायच्या. मंजुरी आली की काहीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “मंजूर झालं की काम सुरू होतं, खायला वेळ कुठे मिळतो?” त्यातही माझी जळजळ अशी, की नकारसुद्धा त्यांनाच सविस्तर मिळायचे. मला कधी उत्तरच यायचं नाही. त्यांना मात्र दोन-दोन पानांचे शेरे, कारण त्या पत्र पाठवून ते मागवून घ्यायच्या. नकार मागून घेता येतो हे मला वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. “एकदा मला दाखवा तरी सर तुमचा प्रस्ताव,” असं त्या दर वर्षी म्हणायच्या आणि मी दर वर्षी म्हणायचो, “हो हो, नक्की.” शिरगावला घरी हे बोलून दाखवलं तर बायको म्हणाली, “अहो, मग दाखवा ना त्यांना. काय बिघडतं?” त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग ते लाड्यांचं प्रकरण आलं. लाडा म्हणजे सिंधी लग्नात बायका ढोलकीवर म्हणतात ती गाणी. कॅम्प तीनच्या, फाळणीनंतर निर्वासितांना दिलेल्या एका जुन्या बराकीत ईश्वरीअम्मा म्हणून नव्वदीला टेकलेल्या बाई होत्या. त्यांच्या आईने सिंधमधून येताना आणलेली गाणी त्यांना तोंडपाठ होती, आणि त्यातली बरीचशी आता दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. ग्रँटबाईंनी ओळख काढली, जाऊन दोन-तीन गाणी फोनवर घेऊन आल्या. एक आम्हाला स्टाफरूममध्ये ऐकवलं. आवाज चिरका, पण काय ठसका होता. नीट ध्वनिमुद्रण, अर्थ सांगणारं माणूस, लिप्यंतर, या सगळ्याला पैसे हवे होते. दिल्लीच्या एका संस्थेची योजना निघाली. बाईंनी अर्ज केला. त्याच योजनेत मीही केला, रंगभाषेचं पुनर्वाचन घेऊन.

अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत टपालाने पाठवायची होती, आणि त्यावर कॉलेजच्या संशोधन समितीच्या समन्वयकाची सही लागत होती. समन्वयक मी होतो. ज्याला कधी ग्रँट मिळाली नाही त्याला समितीवर घेण्याची आमच्याकडे पद्धतच आहे. बाईंच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्या साताऱ्याला निघाल्या होत्या. जाताना पाकीट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सर, शुक्रवार ही पोहोचायची तारीख आहे, पाठवायची नाही. सोमवारीच टाका हं.”

माझं पाकीट मी सोमवारी टाकलं. त्यांचं गुरुवारी.

मी काही केलं असं कुणाला म्हणता येणार नाही. चार दिवस मी काही केलं नाही, एवढंच. ड्रॉवर उघडायचो, पाकीट बघायचो, छाननी नीट करायला हवी असं मनाशी म्हणायचो आणि ड्रॉवर लावून टाकायचो. गुरुवारी दुपारी पोस्टात गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “दिल्ली? उद्या नाही पोचणार हां.” मी म्हटलं, “चालेल.”

महिन्याभराने दोन पत्रं आली. त्यांच्या पाकिटावर ‘मुदतीनंतर प्राप्त’ असा शेरा मारून ते न उघडताच परत आलं होतं. माझ्या पत्रात एकच ओळ होती. योजना पंचेचाळीस वर्षांच्या आतल्या संशोधकांसाठी होती आणि मी अठ्ठेचाळीस पुरी केली होती. जाहिरातीच्या अगदी तळाला ते छापलं होतं म्हणे. म्हणजे ज्या शर्यतीत मी त्यांना पाय आडवा घातला, त्या शर्यतीत मी नव्हतोच.

“सर, यावर शिक्का गुरुवारचा आहे,” बाई पाकीट उलटसुलट करत म्हणाल्या.

“हो ना. शिपाई रजेवर होता आणि मला ताप,” मी म्हटलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दालपकवान आलं. मी दोन पकवानं खाल्ली, नको म्हटलं असतं तर दिसलं असतं.

पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी योजना शोधली आणि अर्ज माझ्यापुढे ठेवला. सहसंशोधक म्हणून माझं नाव. मला वाटलं चुकून पडलं. म्हटलं, “मॅडम, मला सिंधी कुठे येतं?”

“मलाही येत नाही. पण फाईल तुमच्याच टेबलावरून जाते ना सर. तुमचं नाव असलं की लवकर जाईल.”

हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. हसल्या नाहीत, रोखून बघितलंही नाही. पुढचं पान उलटून सहीची जागा दाखवली. ती फाईल त्याच दिवशी गेली.

मंजुरी आली तेव्हा नोटीस बोर्डवर पहिल्यांदा माझं नाव लागलं. बायकोने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मला आनंद झाला आणि त्या आनंदाला कडवट चव आली, कारण वर त्यांचं नाव होतं आणि खाली माझं. मी असा माणूस आहे.

रेकॉर्डर घेऊन आम्ही ईश्वरीअम्मांकडे गेलो. अम्मा खाटेवर आडव्या होत्या, तोंड एका बाजूला गेलेलं. सात-आठ महिन्यांपूर्वी लकवा मारला होता. सून चहा ठेवत म्हणाली, “पिछले साल आते ना मॅडम. तब तो सारा दिन गाती थी. हम बोलते थे, अम्मा, अब बस करो.”

ग्रँटबाई अम्मांच्या उशाशी बसल्या. त्यांनी फोनवरचं जुनं गाणं लावलं. स्वतःचा आवाज ऐकून अम्मांचे डोळे हलले, ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग त्यांचा डावा हात खाटेच्या लाकडावर ठेका धरायला लागला. गाणं संपलं तरी ठेका थांबला नाही. तो बदलला, म्हणजे दुसरं गाणं सुरू झालं असणार. मग तिसरं. सून ओळखायचा प्रयत्न करत होती, “ये शायद मेंदीवाला है... नहीं, ये मैंने सुना नहीं.” बाईंनी रेकॉर्डर खाटेच्या लाकडाशी ठेवला आणि तासभर तो नुसता ठेका रेकॉर्ड केला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दोन महिन्यांनी अम्मा गेल्या. प्रकल्प आम्ही इतर बायकांची गाणी घेऊन पुरा केला. ग्रँटबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत, कोल्हापूरला मोठ्या जागेवर गेल्या. निरोप समारंभात मी भाषण केलं आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं, ते मला जमतं. आता त्यांच्या नव्या ग्रँटची बातमी आली की अजूनही पोटात दुखतं, आणि चहाला त्यांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं तर मला चालत नाही. ही दोन्ही दुखणी एकदमच असतात.

कोल्हापूरला जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी प्रकल्पाचा अंतिम अहवाल माझ्यापुढे ठेवला. त्यात ‘कामात आलेल्या अडचणी’ असा एक रकाना होता. कच्च्या मसुद्यात मी तो कोरा सोडला होता. बाईंनी आपल्या अक्षरात भरला होता : ‘टपालातील दिरंगाईमुळे पहिला प्रस्ताव मुदतीत पोहोचू शकला नाही. दरम्यान मुख्य गायिकेची वाचा गेली.’

मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, “मॅडम, टपालाची चूक नव्हती.”

“माहितीये मला,” त्या म्हणाल्या.

मी पुढे काही बोलेन म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. मी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

“सही करा सर. पाचच्या आत टाकायचंय.”

मी सही केली. आयुष्यात मिळालेल्या एकुलत्या एका ग्रँटच्या अहवालावर, त्या वाक्याच्या बरोबर खाली, माझी सही आहे.