चारलेली जागा

रोहू किंवा कटला गळाला लागायला हवा असेल, तर आधी आठ दिवस त्याला फुकट जेवू घालावं लागतं. हे मला माझ्या मानलेल्या भावानं शिकवलं. ते आमच्याच गल्लीत राहतात, दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त आहेत. सेलूत माझी पिठाची गिरणी आहे. नवरा गेला त्या वर्षी रविवारच्या सुट्टीचं करायचं काय, हे मला कळत नव्हतं. त्यांनी स्वतःची जुनी काठी माझ्या हातात दिली. म्हणाले, "चला ताई, पाण्याकडं बघायला कुणाच्या बापाचं काई लागत न्हाई." त्याला अकरा वर्षं झाली. दर भाऊबीजेला मी त्यांना ओवाळत आले.

दुधनेच्या धरणाचं पाणी जिथं पसरलेलं आहे, तिथं एक ओढा येऊन मिळतो. माझी जागा ओढ्याच्या तोंडाशी. तिथं गाळ साचतो आणि गाळात मासा चरायला येतो. पण दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटलं की पातळी उतरते आणि ही जागा उघडी पडते. म्हणजे त्याआधीचे दोन-तीन आठवडे, एवढाच वर्षाचा खेळ. मागच्या वर्षी तिथंच मला एक मोठा कटला लागला आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तोडून गेला. चूक माझी होती. तंगूस दोन वर्षांचा होता, उन्हात पडलेला. असा तंगूस वरून ठीक दिसतो आणि ऐन ओढीला तुटतो. या वर्षी मी नवा भरला, गळ बदलले, गाठ तीनदा ओढून पाहिली. मला तो मासा हवा होता. दुसरं काही नाही.

चारा मी स्वतः करते. गिरणीत जमिनीवर सांडलेलं ज्वारी-मक्याचं पीठ, भिजवलेली सरकीची पेंड आणि वासासाठी भाजून कुटलेली बडीशेप. लिंबाएवढे गोळे करायचे, रोज सकाळी एकाच वेळी, एकाच ठिकाणी टाकायचे. थोडेच टाकायचे. मासा भुकेला राहिला पाहिजे, नाहीतर गळाकडे बघतसुद्धा नाही.

रविवारी तिथं आठ-नऊ गळवाले येतात. बाई मी एकटीच. तिथं एक कायदा सगळे पाळतात. जो जागा चारतो, तो काठावर बाभळीची काटकी रोवतो आणि तिला चिंधी बांधतो. त्या जागेवर दुसरा कुणी बसत नाही. कुणाला जागा द्यायचीच असेल, तर मालकानं आपल्या हातानं काटकी उपटायची. जो हे मोडेल, त्यानं त्या हंगामात पाण्यावर यायचं नाही. माझ्या काटकीला अकरा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. घरी आणि बाजारात माझ्यासाठी कुणी काय काय ठरवत असे, पण त्या दोन हात जमिनीवर माझं चालायचं.

यंदा चार दिवस चारा टाकून झाला आणि नांदेडहून फोन आला. नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, जवळ थांबायला कुणी नव्हतं. चारा मध्येच बंद केला तर केलेलं सगळं वाया. मी भाऊंना चार पिशव्या गोळे करून दिले, रोजची एक. ते म्हणाले, "तुमी बिनघोर जावा. शनवारी या अन् ऐतवारी मासा काढा." रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. चारा टाकला, बुडबुडे उठायलेत, मासा आलाय. शनिवारीसुद्धा आला, मी दवाखान्यातून निघायच्या आधी.

रविवारी उजाडताना मी काठी घेऊन पाण्यावर पोचले. लांबूनच दिसलं, माझ्या जागेवर भाऊंचा जावई बसला होता. वाटलं, मी येईपर्यंत राखण करतोय. मी जवळ पोचते न पोचते तोच त्याच्या काठीला असा हिसका बसला की तो अर्धवट उठला. रीळ ओरडायला लागलं.

त्याच्या शेजारून भाऊ ओरडले, "ताई, बरं झालं आल्या. सांगा त्याला, मला तर काई सुधरंना!"

मासा डावीकडे निघाला होता. डावीकडे पाण्याखाली बाभळीचं खोड आहे, हे मला माहीत होतं, त्या पोराला कसं असणार. मी माझी काठी खाली टाकली.

"काठी उभी धरा. ब्रेक ढिला करा, ओढू द्या त्याला. आता उजवीकडं चाला. चाला, उभे राहू नका. थकला की मगच गुंडाळा."

पंधरा-वीस मिनिटं गेली. हातजाळी घेऊन मीच गुडघाभर पाण्यात उतरले आणि मीच त्याला वर काढलं. कटलाच. सात-आठ किलोचा सहज असेल.

जावयानं ओल्या हातांनी माझे पाय धरले. "आत्या, आभार कसे मानू? पप्पा म्हणाले, आठ दिवस जागा चारली तुम्ही आणि मी आलोय कळल्यावर स्वतःहून मला दिली."

मी भाऊंकडे पाहिलं. ते हातजाळीतला चिखल धुवायला लागले.

"ताईचं मन लय मोठं," एकजण म्हणाला.

"आमी असतो तर जावायाला च्या पाजून येष्टीत बसवलं असतं," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

काठावर चहासाठी तीन दगडांची चूल पेटवलेली होती, माझी काटकी तिच्यात होती. अर्धी जळाली होती, चिंधी बाहेर लोंबत होती. जावयासमोर सासऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे मलाही कळतं. मी जावयाला म्हणाले, "पोटभर खा," आणि घरी आले. संध्याकाळी वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, कालवणाचा डबा पाठवला. अन्न टाकणं मला जमत नाही. खाल्लं. चव चांगली होती.

सोमवारी भाऊ गिरणीत आले. मी मोटार बंद केली.

"काटकी कुणी उपटली?"

"मीच. आता त्यात काय एवढं, ताई."

"मला फोन करता येत होता. शनिवारी केलात की. तेव्हा जावई घरातच असेल."

"तुमी दवाखान्यात. कशाला तरास द्यायचा म्हणलं."

"भाऊ."

ते पोत्यावर टेकले. मग म्हणाले, "इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणल्या असत्या."

"म्हणले असते."

"मंग? म्हणून तर न्हाई इचारलं. पोरीचं लगीन होऊन चार वर्षं झाली, जावई माझ्याशी धड बोलत न्हाई. पैल्यांदा म्हणला, मला गळ शिकवा. एक दिस संगं बसला. अन् तुमचाबी जावईच हाय की."

त्यांची अडचण खरी होती, हे मला पटलं. तरीही मी नाहीच म्हणाले असते. मासा नुसताच घेतला असता तर मी भांडले असते आणि मिटलं असतं. यांनी माझं 'नाही' आधीच ओळखलं आणि माझ्या नावानं 'हो' सांगून टाकलं. वर माझ्या मोठ्या मनाची तारीफ ऐकून घेतली.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं, काटकी मी उपटली नव्हती. भाऊ तिथंच बसले होते. एकानं चुलीत काटक्या सारल्या. मागच्या वर्षी पाथरीच्या एका माणसाला याच कारणावरून या लोकांनी हंगामभर फिरकू दिलं नव्हतं. शेवटी जो सगळ्यांत जुना आहे तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. भाऊ-बहिणीतली गोष्ट हाय, घरात बसून मिटवा."

"पाथरीवाल्याला असं का नाही सांगितलं?"

"तो कुठं कुणाचा भाऊ होता?"

मी काठी उचलली आणि निघाले. आता मी शनिवारी दुपारी, एकटी, वरच्या अंगाला बसते. तिथला तळ अजून माहीत नाही. दोरीला दगड बांधून खोली मोजते आहे. दोन गळ अडकून गेले, मासा एकही नाही.

वहिनींचा डबा इतके दिवस फळीवर होता. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर निदान साखर घालतात. मी तो घासला, पुसला आणि स्वतः नेऊन दिला. वहिनींनी सवयीनं झाकण उघडलं.

"अवं ताई, रिकामाच?"

"रिकामाच, वहिनी."

त्यांनी वळून घरात पाहिलं. भाऊ बाजेवर बसून गळाला तंगूस बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. वहिनींनी झाकण लावलं आणि मला आत या म्हणाल्या नाहीत.