खुशाली विचारणारी मॅडम

सूर्यकांत धारपांचा माणसांवर विश्वास नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. चांगल्या माणसांवर नव्हता, एवढंच. वाईट माणूस काय करणार हे त्यांना आधीच ठाऊक असे, त्यामुळे त्याच्याशी त्यांचं छान जमे. पण कुणी विनाकारण गोड बोललं की त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. शेजाऱ्यांनी पानिपतहून चादर आणून दिली, तर आधी तिचे काठ उलटून बघणार, कुठे विरलीय का म्हणून.

"अहो, प्रेमानं देतायत तर घ्या की," बायको अहिल्या म्हणे.

"उगाच कोण देतं?" धारप विचारत. देशाच्या राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये हे बोलणं इतकं जुनं झालं होतं, की आता दोघंही ते एकमेकांचं न ऐकताच बोलत.

एका सरकारी खात्यात पेन्शनच्या तक्रारी बघणारा सेक्शन धारपांकडे होता. हाताखाली चौधरी नावाचा रोहतककडचा क्लार्क आणि राधा. राधा कंत्राटावरची. दर मार्चला तिचं कंत्राट संपे आणि दर मार्चला बिचारीचा जीव टांगणीला लागे. घरात कमावणारी ती एकटीच. फोनवर रडकुंडीला आलेल्या म्हाताऱ्यांशी ती ज्या मायेनं बोले, ते धारपांना उभ्या जन्मात जमलं नसतं. काही झालं तरी या मुलीला जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या हिवाळ्यात नव्या डायरेक्टर मॅडम आल्या. कादंबरी राजवाडे, नागपूरच्या. आल्या त्या थेट सेक्शनमध्ये येऊन बसल्या, सगळ्यांसाठी चहा मागवला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "धारप, कसं चाललंय? काही त्रास?" इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही साहेबानं त्यांना हे विचारलं नव्हतं. धारपांनी चहा घेतला, पण त्यांचं सगळं लक्ष कपापेक्षा मॅडमकडे.

दुसऱ्या दिवशी राधाच्या टेबलावरची लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलली गेली. राधा हरखली. धारप मात्र त्या नव्या ट्यूबकडे संशयानं बघत राहिले.

त्याचं काय झालं होतं, की प्रमोशनच्या परीक्षेच्या वर्गात धारपांनी व्यवस्थापनशास्त्र घोकून पाठ केलं होतं. त्यात निरनिराळे पंथ. एक म्हणतो, हातात घड्याळ घ्या, कामाचा तुकडा न् तुकडा मोजा. दुसरा म्हणतो, माणसं येतात नि जातात, खुर्ची आणि नियम तेवढे खरे. तिसरा जरा हळवा. त्याचं म्हणणं, माणसाला मन असतं, विचारपूस करा, काम आपोआप वाढेल. या पंथवाल्यांनी म्हणे कुठल्याशा कारखान्यात दिवे वाढवले तर काम वाढलं, आणि कमी केले तरी वाढलंच, कारण आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय हे कामगारांना बरं वाटलं. वर्गातल्या सगळ्यांना हे फार भावलं होतं. धारपांनीही उत्तर झकास लिहिलं. पण मनात एकच: बाजूला उभं राहून मोजत कोण होतं?

कारण त्यांनी मोजणं पाहिलं होतं. तरुणपणी त्यांना काम शिकवणारा दिनकर हात चालवण्यात वाघ. एकदा घड्याळवाली मंडळी आली, म्हणाली, दाखवा कसं करता ते. भोळ्या दिनकरनं आपली सगळी चलाखी दाखवली. त्यांनी तोच वेग सगळ्यांचा धरला, माणसं जास्त ठरवली, आणि आधी दिनकरलाच उचलून गुवाहाटीला टाकलं. त्या दिवशी धारपांनी कानाला खडा लावला. साहेब बघत असताना कधी जोरात पळायचं नाही.

जानेवारीत मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "धारप, राधाचं कंत्राट वाढवायला वरून नाखुशी आहे. पण या दोन महिन्यांत सेक्शननं भरपूर तक्रारी निकाली काढलेल्या दिसल्या, तर मला भांडता येईल. जोर लावा."

"बिल्कुल, मॅडम," धारप म्हणाले. बाहेर येताना त्यांना वाटलं, किती सफाईनं जाळं टाकलंय! आधी चहा, मग दिवा, आता पळा. पळालो की म्हणणार, वा, एवढं काम दोघंसुद्धा करतील, मग राधा कशाला?

राधाला वाचवायचं, तर काम अवघड दिसायला हवं. धारपांनी प्रत्येक फाईलवर शेरा मारायला सुरुवात केली: "कृपया चर्चा करें". या शेऱ्यानं भल्याभल्या फाईली निजतात. चौधरीला त्यांनी हळूच सांगितलं, "चलाखी मत दिखाना. राधा की नौकरी का सवाल है." चौधरीनं मान डोलावली आणि बिडी प्यायला निघून गेला. फोनवर म्हातारे विचारत राहिले, राधा त्यांची समजूत घालत राहिली. धारप समाधानानं घरी जात, नीट झोपत.

मार्चमध्ये वरून उत्तर आलं. निकाली तक्रारी घटल्या आहेत, तेव्हा जादा माणसाची गरज दिसत नाही.

मॅडमनी बोलावलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं ना, धारप?"

"सांगितलं होतं, मॅडम."

"मग?"

धारपांना दिनकरची सगळी हकीकत सांगावीशी वाटली. तोंडातून एवढंच आलं, "मला खरं वाटलं नाही."

"मी कधी खोटं बोलले होते तुमच्याशी?"

धारपांनी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. काहीच सापडेना, आणि त्यांना लाजेनं मान वर करता येईना.

राधाच्या शेवटच्या दिवशी चौधरीनं समोसे मागवले. निघताना ती धारपांच्या टेबलाशी आली. "सर, चौधरीजी ने बताया, आपने मेरे लिए फाईलें रोक के रखी थीं. इतना तो अपने घरवाले भी नहीं करते." आणि ती खाली वाकली, पायांना हात लावायला.

धारपांनी सवयीनं तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. ओठांत शोधला, डोळ्यांत शोधला. नव्हता. पोरगी मनापासून आभार मानत होती. समोरचं माणूस खोटं बोलत असतं तर किती बरं झालं असतं, असं धारपांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.