टेकडीवरचे वडील

वडील गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर तीन आजोबा भेटायला आले. तिघांच्याही पायांत स्पोर्ट्स शूज.

"आम्ही टेकडीवरचे," त्यातल्या उंच आजोबांनी ओळख करून दिली. "आता सकाळी हसवणारं कोणी राहिलं नाही हो."

आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. यांचं घर चुकलं असावं, असंच मला वाटलं.

वडिलांना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. बँकेतली कायमची नोकरी सोडून मी सॉफ्टवेअर कंपनीत गेले, तेव्हापासून ते माझ्याशी थेट बोलतच नसत. एकाच टेबलावर जेवताना आईला म्हणायचे, "तिला सांग, आमटी गार होतेय." मीही आईलाच उत्तर द्यायचे. पुढे आम्हाला त्याची सवयच झाली, आणि ते गेलेही तसेच. मला रडू येत नव्हतं. पण टेकडीवर लोकांना हसवणारा हा माणूस कोण, ते मला बघायचंच होतं.

रविवारी सकाळी टेकडी चढले. तिघं एका कातळावर बसले होते. वडील नकला करायचे म्हणे. सोसायटीच्या चेअरमनची, दूधवाल्याची, दातांच्या डॉक्टरची.

"माझी करायचे?"

मग उंच आजोबा उठले, हात कानाशी धरला, मान तिरकी केली आणि येरझाऱ्या घालू लागले. "येस, येस, शुअर... नो, आय विल चेक..." मधेच दबक्या आवाजात, "आई, कुकर बंद कर ना!"

हुबेहूब मी. संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलताना मी गॅलरीत अशीच फिरायचे. वडील आत पेपरात डोकं घालून बसलेले असायचे.

"शेवटी म्हणायचे, आमची लेक भल्याभल्या साहेबांना गप्प बसवते," आजोबा म्हणाले.

मला हसू आलं. ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

"हे मला का नाही सांगितलं त्यांनी?"



घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. पुढच्या रविवारी मात्र गुडघ्याला पट्टा बांधून माझ्याआधी दारात उभी. वर पोचल्यावर धाप लागलेली, तरी बसायच्या आधीच तिनं विचारलं, "आणि माझी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रागावणार नाही ना, वहिनी?"

"ते नंतर बघू. करा तर खरं."