बेचाळीस आमेन

कर्वेनगरच्या द्वारकाबाई साळवेंना कोणी आळशी म्हणून दाखवावं! चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. ड्यूटी कुठलीही असो, घराबाहेर पडण्याआधी चहाचा कप घेऊन एक वही उघडायच्या. वहीत चर्चच्या मंडळीतल्या दुखल्याखुपल्यांची नावं. एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं, देवबापाकडे त्याच्यासाठी मागायचं, आणि संध्याकाळच्या आत त्या माणसाची चौकशी करून यायचं. नाव घेतलं की पाय तिकडे वळायचेच.

मग निवृत्ती आली आणि सुनेनं, तनुजानं, मोठा फोन हातात दिला. झालं! मंडळीचा ग्रुप, महिला संघाचा, गायनवृंदाचा, नगरच्या माहेरच्यांचा, असे नऊ ग्रुप. सकाळी बघावं तर दीडशे मेसेज. गुलाबाच्या फोटोवर बायबलचं वचन, सूर्योदयावर वचन, कुठल्याशा पाळकाचं तासाभराचं प्रवचन, वर 'दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल.' द्वारकाबाई पडल्या शिस्तीच्या. प्रत्येकाखाली 'आमेन' लिहिल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. त्यात चहा गार व्हायचा आणि वही कपाटातच राहायची.

"अहो आई, वाचता तरी का हे सगळं?" तनुजानं एकदा विचारलं.

"देवाचंच तर आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्याच मंडळीतले तात्याराव मांजरी गावात एकटे राहायचे. रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचं काम वर्षानुवर्षं त्यांचं. उजवा डोळा लहानपणीच गेलेला, आणि आता डाव्यात मोतीबिंदू. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'शुक्रवारी सकाळी आठला माझ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. सोबत माणूस लागतो. कोणी येईल का? प्रभू आपणांस आशीर्वादित करो.' शेवटची ओळ आशीर्वादाची, मग काय विचारता! बेचाळीस जणांनी आमेन लिहिलं. त्यात तिसरं द्वारकाबाईंचं.

रविवारी शास्त्रपाठ दुसऱ्याच कोणीतरी वाचला. तात्याराव मागच्या बाकावर बसून होते. उपासना सुटल्यावर द्वारकाबाई त्यांच्याकडे गेल्या.

"काय हो तात्याराव, झालं ना ऑपरेशन?"

"नाही. सोबत माणूस नाही म्हणून परत पाठवलं. मी त्यांना बेचाळीस आमेन दाखवले. पण फॉर्मवर सही त्यातलं कोण करणार, असं विचारत होते."

अगं बाई गं! "नातेवाईक कुठाय? नसेल तर घरी जा," असं चाळीस वर्षं द्वारकाबाईंनीच पेशंटांना सुनावलेलं. ते जिला ठाऊक त्याच बाईनं आमेन लिहून बोट पुढे सरकवलं होतं. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं कोणी असतं तर नेटवर्कचं कारण पुढे केलं असतं. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. नवी तारीख कधीची?"

सोमवारी वही कपाटातून निघाली. फोन काही त्यांनी फेकून दिला नाही. वही मिटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, एवढंच ठरवलं. पहिलं नाव तात्यारावांचं लिहिलं.

पुढच्या शुक्रवारी साडेसहालाच त्या रिक्षा घेऊन मांजरीला हजर. इस्पितळात फॉर्म भरणाऱ्या पोरीनं विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"बहीण," म्हणत त्यांनी सही केली.

आत न्यायच्या आधी तात्यारावांनी द्वारकाबाईंचा हात धरला. "बाई, प्रार्थना करता का?" ते हळूच म्हणाले.

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. दीड वर्ष गुलाबावरच्या तयार प्रार्थना पुढे ढकललेल्या. आता स्वतःचे शब्द शोधावे लागले. त्या म्हणाल्या, "बापा, तात्याराव घाबरलेत. त्यांच्याकडे एवढा एकच डोळा आहे, तो सांभाळ. मागच्या वेळी मी आले नाही, मला क्षमा कर. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," तात्याराव म्हणाले. आणि वॉर्डबॉयनं चाकांची खुर्ची ढकलली तसे मागे वळून बोलले, "हे त्रेचाळिसावं बरं का. पण लागू पडलं ते हेच."