न बसता केलेली सही

रफिक गेल्याचं मला अमरावतीत, माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पायऱ्या चढताना कळलं. फोन अकोटहून होता, त्याच्या बायकोचा, शमीमभाभींचा. "मास्तर, तुमचे दोस्त गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी वर गेलो आणि ठरलेला तास घेतला. रडू नंतर आलं, आणि त्यात दुःखापेक्षा लाज जास्त होती. आता महिना होईल, ती लाज काही जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कॉम्प्युटर आम्ही अमरावतीत एकत्रच शिकलो. मी इथं क्लास काढला, तो अकोटला परतून दुरुस्तीची कामं करू लागला. माझ्याकडे विकतची सिस्टिम होती, म्हणजे तिची कुणाकडून तरी उतरवून आणलेली सीडी. तेव्हा बहुतेक क्लासांत तेच चालायचं आणि तिलाच आम्ही छातीठोकपणे 'सोपी' म्हणायचो. रफिक मात्र लिनक्सचा, म्हणजे फुकट मिळणाऱ्या आणि हवी तशी बदलता येणाऱ्या सिस्टिमचा. "ते फुकटचं लचांड लोकांना झेपत नाही," असं म्हणून मी त्याला छेडायचो. तो हसायचा. "सोपं मंजे काय रे मास्तर? जे पयले शिकवलं ते सोपं!"

कापसाच्या गावांतून रोज वाईट बातमी यायची त्या वर्षांत एका संस्थेनं अकोटजवळ नवरा गेलेल्या बायकांसाठी केंद्र काढलं. टायपिंग शिकून त्यांना घराजवळ काम मिळावं, हा हेतू. आठ कॉम्प्युटर मिळाले, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसातले, जुनेपुराणे. रफिकनं त्यांच्यावर लिनक्स घातली आणि वही घेऊन तो बायकांमध्ये जाऊन बसला. स्क्रीनवरची एकेक गोष्ट दाखवायचा नि विचारायचा, "याले तुमी काय म्हणता?" भाजी विकणाऱ्या शोभाताई म्हणाल्या, "कागद ज्याच्यात ठेवतो ते पिशवी." झालं, स्क्रीनवर फोल्डरची पिशवी झाली. सेव्हचं 'ठेवून दे' झालं, डिलीटचं 'फेकून दे'. दोन-तीन महिन्यांत बायका कुणाला न विचारता पानंच्या पानं टाइप करू लागल्या.

मग संस्थेला तज्ज्ञाचं मत हवं झालं. तज्ज्ञ म्हणजे मी! गेलो, चहा घेतला, उभ्या उभ्या स्क्रीनवर नजर टाकली, 'पिशवी' वाचून हसलो... आणि लिहून दिलं, 'सर्वसामान्यांना वापरण्यास अवघड. प्रचलित प्रणाली बसवावी.' खाली झोकात सही केली. त्यांनी बसवली. त्या ओझ्यानं जुने कॉम्प्युटर रखडू लागले, मग अडू लागले, आणि वर्षाच्या आत केंद्राला कुलूप लागलं. शोभाताई पुन्हा बाजारात भाजी घेऊन बसल्या. आठवा कॉम्प्युटर नवी सिस्टिम घेईचना म्हणून भंगारात काढला होता, तो रफिकनं घरी नेला.

तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. एकदाच, अकोटच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मास्तर, तू बसून पाह्यलं होतं काय रे त्याच्यावर?" मी गाडी लागली का ते बघत राहिलो. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि 'नाही बसलो' म्हणून सांगायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.

परवा अकोटला गेलो. तो कॉम्प्युटर अजून चालतो, भाभी त्यात शिवणाची मापं ठेवतात. "याच्यात तुमचं काई असन तं पाहून घ्या, मी चाय ठेवते," म्हणून त्या आत गेल्या. त्या स्क्रीनपुढे मी पहिल्यांदाच बसलो. पिशव्यांच्या रांगेत एकीवर नाव होतं, 'मास्तर येईन तवा'. आत एकच कागद होता. तारीख मी पाहणीला गेलो त्याच्या आदल्या दिवसाची.

'ये मास्तर, बैस. घाई करू नको. अडलं तं शोभाताईले विचार.'

इथवर येताना मला कुठंच अडलं नव्हतं.