पंचेचाळीस दिवसांचा भाव

मावशींची दुसरी म्हैस कुणामुळं गेली, हे मला ठाऊक आहे. कंपनीच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही, म्हणून इथं लिहितो आहे.

पुण्यात एका कारखान्याच्या वित्त विभागात अठरा वर्षं काढून मी माझ्या जिल्ह्यात परत आलो. माझं गाव अणदूर, पण नोकरी मिळाली भूमकडच्या एका खवा उत्पादक कंपनीत. कंपनी शेतकऱ्यांचीच. तीनशेच्या वर सभासद, प्रत्येकाचा हजार रुपयांचा शेअर. सभासद घरच्या म्हशींचं दूध चुलीवर आटवून खवा आणायचे, कंपनी तो पुण्याच्या एका मोठ्या मिठाईवाल्याला विकायची. मी व्यवस्थापक. अध्यक्ष माझ्याहून वीस वर्षांनी थोरले. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही तेच म्हणायचो.

मी रुजू झालो तेव्हा खव्याचे पैसे दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी मिळायचे. सकाळी बाया वजनकाट्यासमोर डबे ठेवत, आठवड्याचे पैसे घेत आणि तिथूनच बाजारात जात. मिठाईवाला मात्र आम्हाला साठ दिवसांनी पैसे द्यायचा. मधली फट बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जानं भरलेली, आणि त्याचं व्याज नफा खाऊन टाकायचं.

हा प्रश्न मी पहिल्याच महिन्यात ओळखला. याचं उत्तर मला पाठ होतं. येणारे पैसे लवकर आणा, जाणारे उशिरा द्या. मिठाईवाल्याकडं गेलो, तर त्याच्या खरेदी अधिकाऱ्यानं चहा पाजून सांगितलं, "साठ दिवस आमचं धोरण आहे. पटत नसेल तर खवेवाले पुष्कळ आहेत." मी चहा संपवून आलो. जो ताकदवान होता त्याच्यापुढं मला बोलता आलं नाही, म्हणून जो दुबळा होता त्याच्याकडं वळलो. त्या वेळी मला असं वाटलं नव्हतं. त्या वेळी मी त्याला खेळत्या भांडवलाचं नियोजन म्हणालो.

संचालकांच्या बैठकीत मी भिंतीवर तक्ते दाखवले. सभासदांचे पैसे सात दिवसांऐवजी पंचेचाळीस दिवसांनी दिले, तर बँकेचं कर्ज निम्म्याहून कमी होईल.

एक संचालक म्हणाले, "साहेब, बायका आरडाओरडा करत्याल की."

"पहिल्या दीड महिन्यात थोडी ओढ बसेल," मी म्हणालो. "नंतर दर गुरुवारी पैसे येतच राहतील. फक्त मागचे."

"म्हंजी बायकांचं पैसं आपण वापरायचं," अण्णा म्हणाले. "बिनव्याजी."

"कंपनी त्यांचीच आहे, अण्णा. त्यांचाच फायदा."

अण्णा हसले आणि त्यांनी सही केली. त्यांच्या घरी म्हशी होत्या, पण उसाचे पैसेही होते.

ज्यांच्याकडून उधारीवर माल घेतो त्या पुरवठादारांची उधारी फुकटची असते, असं मी शिकलो होतो. त्या विधानाची मला आज चीड येते. आमचे पुरवठादार म्हणजे आमचे मालक. मालकाचाच माल उधार घेऊन मालकाचाच नफा वाढवायचा, आणि हे ज्यानं केलं त्याला हुशार म्हणायचं. मला पगारवाढ मिळाली. पुण्याहून आलेल्या सल्लागारानं ताळेबंद पाहून पाठ थोपटली. म्हणाला, "अजून साठपर्यंत नेता येईल, सर."

ती पहिली ओढ मी तक्त्यावर एका रेघेत दाखवली होती. गोठ्यात ती कशी दिसते हे पाहायला मी गेलो नव्हतो.

मावशी आमच्या सभासद, सगळं गाव त्यांना मावशीच म्हणायचं; रोज सकाळी त्या दोन किलोच्या आसपास खवा आणायच्या. दोन म्हशी, एक विधवा सून, नातवंडं नाहीत. गुरुवारच्या पैशातून त्या पहिल्यांदा सरकी पेंड घ्यायच्या, मग तेल-मीठ. हा क्रम आमच्या सगळ्याच बायांचा. पेंड उधार मिळत नाही, मिळाली तर दुकानदार दर चढवतो. आणि पेंड थांबली की चार दिवसांत म्हैस दूध आखडते. दर गुरुवारच्या पैशाची पद्धत कुणी आळसातून पाडली नव्हती. म्हशीचं पोट बघून पाडली होती. मी ती जुनाट म्हणून मोडली.

नव्या पद्धतीच्या पहिल्या महिन्यातच खवा कमी येऊ लागला. मग कळलं, एक व्यापारी वस्तीवर जाऊन रोख पैसे देतो, किलोमागं तीस रुपये कमी. बाया थोडा माल त्याला घालत होत्या. मी काय केलं? मी नोटीस लावली. बाहेर माल विकणाऱ्या सभासदाचा वर्षाचा बोनस कापला जाईल. पहिल्या यादीत मावशींचं नाव होतं.

मावशी ती नोटीस वाचून घ्यायला माझ्याकडंच आल्या. वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय साहेब?"

मी सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि डबा उचलून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वर्षअखेरीला सभासदांची सभा झाली, मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात. मी तासभर बोललो. नफा आणि हातातली रोकड यांत फरक असतो, हे समजावलं. आजचा रुपया आणि दोन महिन्यांनंतरचा रुपया एक नसतो, हेही. पैशाला भाव असतो, बँक तो व्याज म्हणून लावते, आणि आपण तो वाचवला. मग अण्णांनी आठ टक्के लाभांश जाहीर केला. टाळ्या पडल्या, जास्त करून पुढच्या खुर्च्यांवरून.

मागून मावशी उठल्या. पदर खोचलेला, आवाज नेहमीचाच.

"साहेब, तुमी आत्ता म्हणलाव पैशाला भाव असतोय."

"हो मावशी."

"मग माज्या पंचेचाळीस दिवसाच्या पैशाला काय भाव लावलाव?"

कुणीतरी हसलं. "मावशे, बस की खाली, चा यायलाय."

"चा पिते की. आदी साहेब सांगत्याल."

मी कागद चाळल्यासारखं केलं. चाळायची गरज नव्हती. त्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं.

"अडचण असंल तर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "म्या धाकली म्हस इकली गेल्या बाजारात. पेंडीबिगर आटली हुती. म्हणून इचारलं." आणि त्या खाली बसल्या.

संध्याकाळी कार्यालयात बसून मी त्यांचा हिशोब मांडला. दोन किलोप्रमाणं पंचेचाळीस दिवसांचा नव्वद किलो खवा, अडीचशे रुपयांनी साडेबावीस हजार. एवढी रक्कम कायम आमच्याकडं अडकलेली. बँकेच्याच दरानं वर्षाचं व्याज अडीच हजारांच्या आसपास. आणि त्यांच्या हजाराच्या शेअरवर मी टाळ्यांच्या गजरात दिलेला लाभांश ऐंशी रुपये. वर त्यांचा वर्षाचा बोनस कापायचा, असं मीच कारकुनाला सांगून ठेवलं होतं.

एवढं साधं गणित मला करता येत नव्हतं असं नाही. अठरा वर्षं मी हेच करत होतो. तिथं समोरच्या कंपनीचं नुकसान हा माझा विषय नव्हता, आणि ती सवय मी बॅगेत घालून इथं आणली. मला राग या गोष्टीचा आहे की मला कुणी फसवलं नाही. मी ते सगळं विश्वासानं केलं.

पुढच्या बैठकीत मी दर गुरुवारच्या पैशाचा ठराव मांडला, आणि वर्षभराचं व्याज सभासदांना देण्याचाही. अण्णा चिडले.

"आत्ता कुठं ताळेबंद सुदारला. बँक शीतगृहाला कर्ज द्यायलीय. तुमचंच डोकं हुतं ना हे?"

"माझंच होतं. चुकलं."

"तुमचं चुकलं की आमी भरायचं व्हय?"

मी पगारवाढ परत करतो म्हणालो. एक संचालक म्हणाले, "त्यात एका म्हशीचं शेपूट यील." सगळे हसले, मीही. शेवटी गुरुवारचे पैसे मंजूर झाले, बोनस कापायची नोटीस मागं घेतली गेली, व्याज नामंजूर झालं. बँकेनं शीतगृहाचं कर्ज पुढं ढकललं. मिठाईवाल्याचे साठ दिवस साठच राहिले. त्याच्या धोरणाला कुणी हात लावत नाही.

पहिल्या गुरुवारी मावशी आल्या. डब्यात किलोभर खवा. मी पैसे स्वतः दिले आणि माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं, आधी नोटा मोजल्या.

"वगार हाय घरी," त्या म्हणाल्या. "थोरल्या म्हशीचीच. दूध द्यायला तीन वर्सं लागत्याल."

"बरं मावशी."

"तवर असंच देत ऱ्हावा, गुरवारच्या गुरवारी. मधीच काय नवीन शिकून यिऊ नका."

त्या पेंडीच्या दुकानाकडं गेल्या. त्यांच्यामागची बाई डबा काट्यावर ठेवून माझ्याकडं बघत उभी होती. मी वजन लिहून घेतलं.