बोरिवलीच्या पायाळूची लाथ

वसंताच्या कमरेत उसण भरली आणि पुढच्याच रविवारी अंतिम सामना. आमच्या घाटकोपरच्या हुतुतू संघात चढाईला त्याच्यासारखा दुसरा नाही. शिवाय विक्रोळीच्या कारखान्यात पेट्या उचलतो. कंबर कायमची धरली तर नोकरीही जायची. मी संघाचा वस्ताद. दुखण्या-खुपण्याची विद्या कुणाकडे शिकलो नाही, स्वतःच्या अंगावर पारखून घेतली. म्हटलं, "मिठाच्या पुरचुंडीनं शेक, सावकाश चाल, रविवारपर्यंत चढाई बंद."

"काय अण्णा! बोरिवलीत पायाळू आहे. एक लाथ, की उसण गायब!"

जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाची लाथ उसणीवर चालते, हे मीही ऐकत आलोय. ऐकलेलं सगळं मी मानत नाही. पण हा एकटा गेला असता, म्हणून निघालो.

घाटकोपरहून अंधेरीची बस धरावी, मात्र मागच्या चाकावर बसू नये. साकीनाक्याचे खड्डे धडधाकट माणसाला उसण भरवतील. अंधेरी स्टेशनासमोर चहा घेतला. दोन आण्यांत रंगीत गरम पाणी. तिथून गाडीनं बोरिवली. बाहेर पडताच टांगेवाला आपणहून म्हणाला, "पायाळूकडेच ना?" ह्याला कसं कळलं? मला दलालीचा वास आला. आम्ही चालतच गेलो.

पायाळू अंगणात गवत पसरत होता. "पालथा पड रे," म्हणाला आणि टाच टेकवून हलकेच ढकललं. वसंता उठला, वाकला. "गेली अण्णा, साफ गेली!" आणि उड्या मारत विहिरीकडे पाणी प्यायला गेला.

मी संधी साधली. "तुमच्या वेळी सुईण कोण होती हो?"

"सुईणीचं काय काढलंत?"

"पायाळू ना तुम्ही?"

"छे हो! मी डोक्यानंच आलो. दूध घालायला मालाडपर्यंत पायी जायचो, म्हणून पोरं पायाळू म्हणायची. आता लोक येऊन पालथेच पडतात, नाही कसं म्हणू?"

वसंताला सांगावं, तर कळ परत येणार. न सांगावं, तर हा उद्याच चढाईला उतरणार. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "पायाळूनं पथ्य दिलंय. मिठाचा शेक, सावकाश चालणं, रविवारपर्यंत चढाई बंद."

"असं म्हणाला? मग पाळायलाच पाहिजे!"

आणि पाळलं. रविवारी दोन गडी मारून परत आला आणि मैदानातूनच पायाळूच्या नावानं 'जय' ओरडला.

तेव्हापासून लोक माझ्याकडे बोरिवलीचा पत्ता मागतात. मी देतो, पथ्यासकट. जायचं तर सकाळी जा, टांगा टाळा. गुण माझ्या शेकाचा, यात शंका नाही. मात्र शेकानं कंबर सुटायला दिवस लागतात, हेही मलाच ठाऊक; मग वसंता अंगणात वाकला कसा? आणि तो इसम डोक्यानं जन्मला याला तरी पुरावा काय? त्याचाच शब्द ना!